श्वेत कपिलेची जात नोंदली गेली, गाय कधी नोंदवायची?

वाळवंटीकाठ

गेल्या महिन्यात कोल्हापूरकडचे एक गृहस्थ आमच्याकडे सांखळीला आले होते. श्वेत कपिलेचा, म्हणजे आपल्या गोव्याच्या पांढऱ्या गावठी गायीच्या जातीचा, वळू हवा होता त्यांना. आमचा दीड वर्षाचा पाडा त्यांना बघताक्षणी आवडला. नाकपुडीपासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत पांढरा, पापण्यांचे केससुद्धा पांढरे. मग त्यांनी विचारलं, "याचा बाप कोणता? आजीला दूध किती होतं?" आजीचं सासूबाईंनी सांगितलं. बापाचं कोणालाच सांगता येईना. गाय सड्यावर चरायला जाते, तिथेच कुठेतरी गाभण राहिली. ते म्हणाले, "ताई, हा पांढरा पाडा आहे एवढंच मला दिसतंय. श्वेत कपिला आहे हे कशावरून?" आणि रिकाम्या हाताने परत गेले.

मला वाईट वाटलं, पण त्यांचं चुकलं असं म्हणवेना. त्याच गायीला यंदा कालवड झाली, तिच्या कपाळावर तांबडा चट्टा आहे.

आपल्या गायीला कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने देशी गोवंशाची स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. जुन्या गोव्यातल्या एला इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने त्यासाठी मेहनत घेतली. आम्हा सगळ्यांना अभिमान वाटला. पण तिथे नोंद झाली ती जातीची. अशा दिसतात, इथे राहतात, दूध साधारण एवढं देतात. माझ्या गोठ्यातली 'चांदणी' कोणाची लेक आणि कोणाची आई, हे जगात कुठल्याच वहीत नाही. ती वही आपणच घातली पाहिजे असं माझं म्हणणं आहे. गोव्यातल्या श्वेत कपिला पाळणाऱ्यांची एक संस्था असावी, गायीगणिक एक पान असावं, वेत, दूध, बाप, आई सगळं लिहिलेलं. आज ज्यांच्या दावणीला या गायी आहेत त्यांतले बरेचजण साठीच्या पुढचे आहेत. त्यांच्या डोक्यात आहे तेवढं तरी कागदावर उतरवायचं तर वेळ हीच आहे.

पेडण्याचा कुळागरकार

बाय, तुमची कळकळ समजली, पण मी विरोधात आहे आणि कारणं सांगतो.

माझ्याकडे पाच गायी. दोन पांढऱ्या, दोन तांबड्या, एक बांडी. मी त्या दुधासाठी ठेवत नाही. माझ्या माडा-पोफळींना आणि मिरवेलींना शेणखत लागतं, म्हणून ठेवतो. उद्या तुमची संस्था येणार, दोन पांढऱ्या गायींचं पान उघडणार आणि उरलेल्या तिघी आपोआप 'बेजात' ठरणार. गोरवांच्या पाडव्याला मी पाचही जणींना न्हाऊ घालतो, पाचही जणींच्या गळ्यात माळ घालतो. त्या दिवशी कोण कुठल्या वंशाची हे आमच्यात कोणी विचारत नाही.

दुसरं म्हणजे, वंशाचा कागद आला की दर चढतो आणि दर चढला की गाय गरिबाच्या दारातून उठते. भाट-बागायत असलेले, पडवीत नोकर ठेवणारे चारजण सगळे वळू विकत घेतील. मग आम्ही त्यांच्या दारात गाय घेऊन उभं राहायचं? आज सड्यावर वळू फुकट आहे.

उसगावचा दूधवाला

माझा मुद्दा सरळ आहे. माझ्याकडे होल्स्टीनच्या संकरित गायी आहेत, चांगली असली तर पंधरा लिटर देते. श्वेत कपिला दिवसाला अडीच-तीन लिटर. पेंढा, पेंड, मजुरी दोघींनाही लागते. वंशावळ लिहून दूध वाढणार आहे का? तीन लिटरच्या गायीची सात पिढ्यांची वंशावळ सोसायटीच्या कॅनमध्ये ओतता येत नाही.

पशुवैद्य (निवृत्त)

दूधवाले बाब, तुमच्याच गोठ्यापासून सुरुवात करू या. तुमची पंधरा लिटरची गाय ज्या वळूच्या रेतमात्रेतून झाली, त्याच्या आईचं, आजीचं, पणजीचं दूध लिहून ठेवलेलं होतं म्हणूनच तो वळू निवडला गेला. तुम्ही रोज वंशावळच कॅनमध्ये ओतता आहात, फक्त ती दुसऱ्या कोणीतरी लिहिली.

जर्सीचं उदाहरण तर आपल्या फार जवळचं आहे. जर्सी बेट साधारण १२० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सत्तरी तालुक्याचा जेमतेम चौथा हिस्सा. त्या लोकांनी १७८९ साली बाहेरची जिवंत गुरं बेटावर आणायला कायद्याने बंदी घातली. १८६६ साली वंशनोंदवही सुरू केली. बाहेरच्या जर्सी वळूंचं वीर्य बेटावर आणायला परवानगी मिळाली ती थेट २००८ साली. एका एवढ्याशा बेटावरच्या शेतकऱ्यांनी आपल्या गायी चिकाटीने लिहून ठेवल्या आणि त्या गायींचं रक्त आज फोंडा-डिचोलीच्या गोठ्यांत आहे. मी स्वतः नोकरीत असताना जर्सीच्या हजारो रेतमात्रा भरल्या. प्रत्येक स्ट्रॉवर वळूचा क्रमांक असायचा. समोर उभ्या असलेल्या गावठी गायीचा क्रमांक मात्र कोणी मागितला नाही, मीही नाही. ते आता मला बोचतं.

कुळागरकार बाब म्हणतात सड्यावर वळू फुकट आहे. खरं आहे. पण तो एकच वळू चार-पाच वर्षं त्याच सड्यावर राहिला तर तो स्वतःच्याच लेकींना लागतो. बाप-लेकीच्या संबंधातून झालेल्या वासराचा अंतःप्रजनन गुणांक, म्हणजे जवळच्या रक्तातल्या संकराचं माप, २५ टक्के येतो. वासरं खुरटी होतात, गायी उलटतात, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येतात, आणि आपण चारा कमी पडला असं म्हणतो. बापाचं नाव लिहिलेलंच नसेल तर हे थांबवणार कसं?

मडगावची_वाचक

डॉक्टरसाहेब, आदर ठेवून विरोध करते. मी जीवशास्त्र शिकवते. अंतःप्रजनन वंशनोंदवह्यांनी थांबवलं म्हणता, पण ते वाढवलंही त्यांनीच. अमेरिकेतला 'पॉनी फार्म आर्लिंडा चीफ' हा होल्स्टीन वळू १९६२ सालचा. वंशावळ उत्तम, लेकींना दूध भरपूर, म्हणून सगळ्यांनी त्याचंच वीर्य वापरलं. त्याच्यात एक दोष लपलेला होता. आई-बाप दोघांकडूनही तो दोष आला की वासरू पोटातच मरतं. त्यातून जगभर पाच लाखांच्या आसपास गर्भपात झाले असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. लाखो गायींच्या जातीचं हे झालं, तर एका लहानशा राज्यातल्या जातीचं काय होईल? वही बंद केली, म्हणजे बाहेरच्या नव्या जनावरांना तिच्यात जागा ठेवली नाही, चार 'नामांकित' वळू ठरवले, की दहा-पंधरा वर्षांत आपणही तिथेच.

पशुवैद्य (निवृत्त)

मॅडम, दाखला अगदी बरोबर आहे. पण तो दोष चीफपर्यंत नेऊन कसा पोचवला? जनुकतपासणी आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या वंशनोंदी जुळवूनच. वही नसती तर वासरं मेलीच असती, फक्त कोणामुळे ते कळलं नसतं. चूक एकाच वळूच्या मागे धावण्यात होती. म्हणून माझीही अट आहे. एका वळूपासून किती वासरं घ्यायची याला मर्यादा हवी, आणि तीन-चार वर्षांनी वळू तालुक्याबाहेर फिरवायला हवा. काणकोणचा सत्तरीत, सत्तरीचा पेडण्यात.

टॅगवाला

मला वाटतं हे सगळं आधीच झालंय. लाळ्या-खुरकुताच्या लसीच्या वेळी प्रत्येक गुराच्या कानात पिवळा बिल्ला मारला, बारा आकडी नंबर. भारत पशुधन अ‍ॅपवर मालक, जात, लस, रेतन सगळं चढतं. पुन्हा वेगळी संस्था, वेगळी वही, वेगळी फी कशाला? दोन वह्या झाल्या की दोन्ही अर्धवट राहतात.

वाळवंटीकाठ

बिल्ला माझ्याही गायींना आहे, आणि वहीत तोच नंबर वापरायचा, नवा नाही. हे तुमचं शंभर टक्के मान्य. पण चांदणीच्या नोंदीत काय आहे ते मी मोबाइलवर बघितलं. जात: 'वर्णनबाह्य', म्हणजे कुठल्याच नोंदलेल्या जातीत न बसणारी. लस टोचायला आलेल्या मुलाची चूक नाही, त्याला त्या दिवशी पूर्ण वाडा करायचा होता. आणि बापाचा रकाना भरतो तो फक्त कृत्रिम रेतन झालं तरच. आमच्याकडे देशी गायी सड्यावरच फळतात, त्यामुळे तो रकाना कोराच. संस्था हवी ती त्या रकान्यासाठी, आणि गाय नीट बघून 'वर्णनबाह्य' खोडणाऱ्या जाणत्या डोळ्यांसाठी.

पेडण्याचा कुळागरकार

जाणते डोळे कोणाचे? हाच माझा प्रश्न आहे. कागदपत्रं करणारा माणूस शेवटी आपल्याच माणसाची गाय आधी नोंदवतो. आमच्या भागात एका योजनेखाली गायी घ्यायच्या होत्या तेव्हा मी सहा महिने खेपा घातल्या. जनावर बघायला कोणी आलं नाही, आणि ज्याच्याकडे गोठाच नव्हता त्याचं नाव यादीत लागलं. हे मी विसरलेलो नाही.

सड्यावरची_सून

माझं सासर गवळी-धनगरांचं. आमच्या वाड्यावर लिहिता येणारी माझी पिढी पहिलीच. पण सासरे प्रत्येक गायीची आई, आईची आई, तिचीही आई सांगतात. नावं आयांच्या ओळीने चालतात. रतनची लेक मोती, मोतीची लेक सोनी. कुठली गाय कुठल्या पावसात आणली, कोणाला वाघराने नेलं, कोणाचा पान्हा लवकर आटायचा, सगळं तोंडपाठ. म्हणजे वही आहे, फक्त ती माणसात आहे. बापांची नावं मात्र तेही सांगत नाहीत. "वळू रानाचा" म्हणतात.

मला भीती वेगळीच वाटते. उद्या संस्था झाली तर तिच्या बैठकीला सासऱ्यांना कोणी बोलावणार नाही. त्यांच्याकडून नावं लिहून घेतील आणि पान दुसऱ्याच्या नावाने उघडेल. तसं करणार नसाल तर मी आजपासून लिहून द्यायला तयार आहे.

पशुवैद्य (निवृत्त)

सूनबाई, तुमच्या या चार ओळींनी माझं मत बदललं. मी बापापासून सुरुवात करायला निघालो होतो, कारण आमचं शिक्षणच वळूकेंद्री. आपल्याकडे खरी माहिती आयांची आहे. मग आयांच्या ओळींपासूनच सुरू करू या.

उसगावचा दूधवाला

माझा प्रश्न अजून तसाच आहे. पैसे कुठून येणार? देशात केंद्रीय कळप नोंदणी योजना आहे. तिच्यात गायींच्या चारच जाती: गीर, कांक्रेज, हरियाणा, ओंगोल. आणि तिथे दुधाची किमान पातळी गाठावी लागते. श्वेत कपिला तिथे बसत नाही, उद्याही बसणार नाही.

वाळवंटीकाठ

बसत नाही, म्हणूनच आपली वही दुधाच्या निकषावर नको. नियमित वेत, पावसाळ्यात पायाला जखमा न होणं, गोचिडांना दाद न देणं, डोंगर चढून उतरून परत घरी येणं. आमची चांदणी चौदा वर्षांची आहे आणि नववं वेत झालंय. दूधवाले बाब, तुमच्या गोठ्यात नऊ वेतांची गाय किती? हा टोमणा नाही, मला खरंच आकडा हवा आहे. तो तुमच्या-माझ्या खर्चाच्या हिशेबात कोणी धरत नाही.

पैशांचं म्हणाल तर कोल्हापूरचे गृहस्थ पैसे घेऊनच आले होते.

केरळातल्या वेचूर गायीचंही आठवा. १९८९ मध्ये डॉ. सोसम्मा आयप आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी गावोगाव फिरून शिल्लक गायी शोधल्या, तेव्हा ती जात जवळजवळ संपली होती. आपल्याकडे गायी अजून दारात उभ्या आहेत.

उसगावचा दूधवाला

नऊ वेतांची एकही नाही. माझ्याकडे चौथ्या-पाचव्या वेतानंतर गाय बदलावी लागते. हे मान्य करतो. तरीही माझं घर त्या कॅनवर चालतं, नऊ वेतांवर नाही. मी यात नाही, पण वळू ठेवायला जागा लागली तर माझा जुना गोठा रिकामा आहे.

मडगावची_वाचक

मी एका अटीवर विरोध मागे घेते. वही बंद नको. ब्राझीलमध्ये आपल्याच गीर आणि ओंगोलच्या वंशजांची नोंद ठेवणारी उबेराबा शहरातली झेबू (वशिंडाच्या गुरांच्या) पैदासकारांची संस्था आहे. ओंगोलला तिथे नेलोर म्हणतात. तिच्याकडे मूळ वंशाच्या शुद्ध जनावरांचा एक वर्ग आहे आणि 'खुली वही' असा वेगळा वर्ग आहे. वंशावळ ठाऊक नसलेल्या जनावरांची संतती खुल्या वहीतून पिढ्यागणिक वर चढू शकते. लहान जातीला ही खिडकी उघडी ठेवणं भागच आहे, नाहीतर रक्त आटतं.

पेडण्याचा कुळागरकार

मग मला नीट सांगा. माझ्या पांढरीला तांबड्या वळूपासून झालेली कालवड त्या खुल्या वहीत येते की नाही? आणि माझी तांबडी? ती पांढरी नाही, पण तिची आईसुद्धा ह्याच मातीतली आहे. मला दोन्हींचं उत्तर पाहिजे. 'बघू' नको.

वाळवंटीकाठ

कालवड येते. तिचं पान उघडायचं, बापाच्या जागी 'तांबडा, सड्यावरचा' असं खरं तेच लिहायचं. माझ्या चट्ट्याच्या कालवडीचंही तसंच लिहिणार आहे. तांबडी श्वेत कपिलेच्या वहीत येणार नाही, तिथे मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. पण मागच्या बाजूने दुसरी वही घालू, गोव्याच्या बाकी गावठी गायींची. नंबर, वेत, आई. 'बेजात' हा शब्द कुठल्याच पानावर येणार नाही.

जाणते डोळे म्हणून तीन माणसं जातील: डॉक्टर, वाड्यावरचे सासरे, आणि तिसरे तुम्ही. ज्याची गाय नोंदवायची त्याचा त्या दिवशी शब्द नाही.

पेडण्याचा कुळागरकार

मी अजून हो म्हटलेलं नाही. पण माझ्या पांढऱ्यांपैकी थोरलीची आई आमच्या आवयने मोरजीहून आणली होती, हे सांगणारं माझ्यामागे कोणी नाही. तेवढं लिहून ठेवा.

सड्यावरची_सून

सासऱ्यांना विचारलं. म्हणतात, रविवारी गुरं दहाच्या आधी सोडत नाही. त्याआधी या. छाती मोजायला टेप लागेल ती आणा, गाय धरायला ते आहेत.