कूरलँडचा ड्यूक याकोब: द्रष्टा की वेठीवर उभा डोलारा?

आजच्या पश्चिम लाटव्हियात १५६१ पासून केटलर घराण्याची कूरलँड ही डची, म्हणजे ड्यूकचं राज्य, होती. लिव्होनियन ऑर्डर या जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघटनेचा शेवटचा प्रमुख गॉटहार्ड केटलर पोलंडच्या राजाचा मांडलिक झाला आणि गादी उभी राहिली. १६४२ पासून जवळपास ४० वर्षं तिच्यावर असलेला त्याचा नातू याकोब मला फार मोठा वाटतो. विंडाऊच्या गोदीत जहाजं, स्वतःच्या तोफा, १६५१ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या गॅम्बिया नदीतल्या बेटावर किल्ला, १६५४ मध्ये थेट कॅरिबियनमधल्या टोबॅगो बेटावर वसाहत! एवढ्याशा मांडलिक राज्यानं हे केलं, आणि इतिहासात त्याला दोन ओळी मिळतात. तुमचं मत काय?

प्रतिसाद १
अजिबात पटलं नाही. त्या जहाजांचं लाकूड तोडलं कोणी? लाटव्हियन भूदासांनी. मालक सोडेल तेव्हाच त्यांना गाव सोडता येई, आणि मालक म्हणजे जर्मन उमराव किंवा खुद्द ड्यूक. गॅम्बियाच्या किल्ल्यातून सोनं, हस्तिदंत यांच्याबरोबर माणसंही विकली गेली. हे वगळून कौतुक कसं करायचं?

धागाकर्ता
गुलामांच्या व्यापाराबद्दल तुमचं बरोबर आहे, मी ते लिहायलाच हवं होतं. पण भूदासांचा प्रश्न एकट्या याकोबचा नव्हता. १६१७ च्या राज्यघटनेनं उमरावांना इतके अधिकार दिले होते की ड्यूकचे हात बांधलेले होते. म्हणून तर त्यानं व्यापार वाढवला. उमरावांपुढे हात पसरावा लागू नये म्हणून.

प्रतिसाद २
माझा आक्षेप वेगळा आहे. सगळा कारभार एका माणसाच्या जिवावर होता. १६५८ मध्ये स्वीडिश सैन्यानं राजधानी मिटाऊच्या वाड्यातून याकोबला बायकामुलांसकट उचललं आणि दोन वर्षं कैदेत ठेवलं. तेवढ्यात टोबॅगो डचांनी घेतलं, १६६१ मध्ये गॅम्बियाचा किल्ला इंग्रजांनी. पुढची कथा तर जीव हळहळवणारी. याकोबचा नातू फ्रिडरिश विल्हेल्म याचं १७१० मध्ये रशियाच्या झारच्या पुतणीशी, आन्नाशी लग्न झालं. पीटर्सबर्गहून परतताना वाटेतच तो गेला. विधवा आन्ना मिटाऊला राहिली, १७३० मध्ये रशियाची सम्राज्ञी झाली, आणि १७३७ मध्ये केटलर वंश संपताच तिच्याच मर्जीतला बिरॉन ड्यूक झाला. १७९५ मध्ये उरलंसुरलं राज्यही रशियानं गिळलं.

प्रतिसाद १
आणि तरी टोबॅगोच्या किनाऱ्यावर आजही ‘ग्रेट कूरलँड बे’ आहे. ज्यांनी ती जहाजं बांधली, त्यांतल्या एकाचंही नाव तिथं नाही.