यकृताच्या धमनीला फुगा: कॉइल, स्टेंट की ऑपरेशन?

काळजीवाहू:
बाबा, वय ७१. मुतखड्यासाठी सीटी काढला, खडा राहिला बाजूला, यकृताच्या धमनीला २.६ सेंमीचा फुगा (अ‍ॅन्युरिझम, म्हणजे धमनीची भिंत एका जागी फुगलेली) निघाला. त्रास शून्य. चार दिवसांच्या वर दवाखान्यात राहणार नाही, असं त्यांनी आधीच बजावलंय. यकृताच्याच धमनीचा अनुभव असेल तर सांगा, प्लीज.

निवांत_मी:
आमच्या मामांना मेंदूत होता. कॉइल घातली, म्हणजे बारीक तारेची वेटोळी भरून फुगा आतून बंद केला, आज गाडी चालवतात. कॉइलच करा.

धांदरट:
अहो, प्रश्न यकृताचा आहे. माझं स्वतःचं झालंय. पित्ताशय दुर्बिणीने काढलं, तिसऱ्या आठवड्यात डोळे पिवळे, पोटात कळ, शौचाला डांबरासारखी काळी. धमनीला इजा होऊन खोटा फुगा (भिंत फुगलेली नाही, फाटून बाहेर रक्त साचलेलं) झाला होता आणि पित्तनलिकेत रक्त गळत होतं. मी मात्र गॅस समजून दोन दिवस गोळ्या चघळत बसलो! जांघेतून नळी घालून कॉइल केली. नंतर सहा तास पाय सरळ, जांघेवर वाळूची पिशवी. कॉइलपेक्षा तेच जड गेलं.

जुनाखोड:
२.६ म्हणजे काहीच नाही. माझा १.५ चा, चार वर्षं नुसता सीटी काढतोय, तसूभर वाढला नाही. उगाच चिरफाड नको.

एक्सरेवाला:
जुनाखोड, तुमचा १.५ आहे म्हणूनच थांबलेत. त्रास नसलेला खरा फुगा साधारण २ सेंमीच्या पुढे गेला की उपाय करतात. खोटा असेल तर आकार बघत बसत नाहीत.
काळजीवाहू, फुगा नेमका कुठे? जठर-ग्रहणीकडची (ग्रहणी म्हणजे लहान आतड्याची सुरुवात) फांदी फुटायच्या आधी असेल तर दोन्ही बाजूंनी कॉइल ठासून धमनी बंद करता येते, त्या फांदीतून उलटं रक्त यकृताला मिळतं. फांदीच्या पुढे असेल तर शक्यतो वाट चालू ठेवतात, म्हणजे कव्हर्ड स्टेंट, आवरण लावलेली जाळीची नळी आत बसवतात. पोर्टल व्हेन (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणारी मोठी शीर) मोकळी आहे ना, तेही विचारा. यकृताचं जवळपास पाऊण रक्त तिच्यातूनच येतं.

निवांत_मी:
तेच म्हणतोय मी. कॉइल.

जुनाखोड:
मुळात 'फुगा' हा शब्दच चूक. फुगा फुटला तर नुसता आवाज होतो.

धांदरट:
मग काय 'गाठ' म्हणायचं?

काळजीवाहू (नऊ दिवसांनी):
फुगा फांदीच्या पुढेच आहे. धमनी तिथे जवळजवळ काटकोनात वळलीय, स्टेंट नीट बसणार नाही म्हणाले. बाबांनी सीटीची चित्रं पाहिली आणि पोट उघडूनच करा म्हणाले. मांडीतली शीर काढून जोडणार, आठवडाभर तरी मुक्काम. चार दिवसांच्या अटीचं काय, विचारलं. "मीच घातली होती, मीच काढली."

निवांत_मी:
कॉइल केली असती तर एव्हाना घरी असते.