इंग्रजीच्या बीए प्रोजेक्टला पैसे कोण देतं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी टीवायला, इंग्रजी स्पेशल. पुढच्या वर्षी चौथं वर्ष रिसर्चवालं ऑनर्स करायचंय (सहा सेमचे मिळून ७५ टक्के लागतात, ते होतील). विषय मुंबईतली साठच्या दशकातली लघुअनियतकालिकं (लेखक-कवींनी स्वतःच काढलेले, जमेल तेव्हा निघणारे छोटे अंक), मराठी आणि इंग्रजी दोन्ही. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे हे कवी दोन्ही भाषांत लिहायचे, पण आमच्याकडे इंग्रजीचे सर इंग्रजीपुरतं शिकवतात नि मराठीच्या मॅडम मराठीपुरतं, मला ते एकत्र बघायचंय. आणि शेवटी कॉलेजातल्या मुलामुलींच्या कविता घेऊन १६ पानी द्विभाषिक अंक काढायचाय, तोही तेव्हासारखा सायक्लोस्टाइलवरच (स्टेन्सिल लावून हाताने फिरवायचं जुनं प्रती काढायचं मशीन)! मशीन कॉलेजच्या माळ्यावर सापडलंय, हँडल गंजलंय पण रोलर फिरतो. स्टेन्सिल कुठे मिळतात कुणाला माहितीये का?

आता पैसे. मुंबईच्या चार फेऱ्या (एसटीत बायकांना हाफ तिकीट म्हणून बरंय), राहणं, झेरॉक्स, कागद धरून १४ हजार होतात. ऑफिसात विचारलं तर म्हणे सायन्सवाल्यांना केमिकल लागतात, तुम्हाला काय, पुस्तकंच तर वाचायचीत. आविष्कारमध्ये (विद्यापीठांची संशोधन स्पर्धा) भाषांचा गट आहे पण ती पडली स्पर्धा, आधी स्वतःच्या खर्चाने काम करा मग पोस्टर घेऊन जा. स्कॉलरशिप फीतच संपते. बीएच्या पोरांना अशी छोटी रक्कम देणारं कुणी आहे का, कुणाला मिळालीये का?

खडूफळा: ताई, १४ हजार एका ठिकाणी मागू नकोस, कुणी देणार नाही. तुकडे कर. आधी दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय गाठ, काय मिळतं ते बघून मग पुढच्या फेऱ्या ठरव. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात मुंबईच्या कवींचे कागदपत्र जपलेत, तिथल्या लायब्ररीला साधा मेल टाक, विचारायला काय जातंय. प्रवासाचं माजी विद्यार्थी संघाकडे माग, आकडे लिहून, भाषण नको. आणि अंकाचं म्हणशील तर तुझी फीची पावती काढ, त्यात मॅगझिन फीचा रकाना असेल बघ. ते पैसे तुमचेच आहेत.

धागाकर्ती: काढली पावती. मॅगझिन फी ५० रुपये, तिन्ही वर्षं. कॉलेजचा अंक मी आल्यापासून एकदाच निघालाय. उद्या पावत्या घेऊन मॅडमना भेटते. स्टेन्सिलचं मात्र अजून कुणी सांगितलं नाही हं.