अख्नाईची भट्टी: अर्धीच गोष्ट का सांगता?

ओसरी: ताल्मूद या यहुदी धर्मग्रंथातली (बाबा मेत्सिया हा भाग, पान 59ब) ही गोष्ट बहुतेक जण अर्ध्यावर सोडतात आणि अर्थ उलटा लावतात. तुकडे करून मध्ये वाळू भरलेली भट्टी (हीच अख्नाईची भट्टी) विटाळते का, यावर रब्बींमध्ये, म्हणजे यहुदी धर्मपंडितांमध्ये, वाद पेटला. रब्बी एलिएझर एकटेच म्हणाले, नाही. त्यांच्या शब्दावर झाड 100 हात सरकलं, पाणी उलटं वाहिलं, आकाशवाणीही त्यांच्याच बाजूने झाली. रब्बी यहोशुआ उठून म्हणाले, "तोरा (देवाने दिलेलं धर्मशास्त्र) स्वर्गात नाही." बहुमत जिंकलं. देव हसला, "माझ्या लेकरांनी मला हरवलं."

बहुमताचा विजय म्हणून इथे सगळे थांबतात. पुढे काय झालं? एलिएझरांनी शुद्ध ठरवलेलं सगळं जाळलं, त्यांना वाळीत टाकलं. त्यांची बायको इम्मा शालोम ही या पंडितसभेचे प्रमुख रब्बान गम्लिएल यांची सख्खी बहीण. नवऱ्याने प्रार्थनेत पालथं पडून दुःख मांडू नये म्हणून ती त्याला जपायची. एक दिवस नजर चुकली, त्याने तशी प्रार्थना केली आणि तिचा भाऊ गम्लिएल वारला. ही गोष्ट ज्या मिश्नेखाली (ताल्मूद ज्यावर चर्चा करतो त्या मूळ नियमाखाली) येते तिचा विषयच शब्दांनी दुखावणं हा आहे: घ्यायचं नसेल तर भाव विचारू नये, पश्चात्ताप केलेल्याचं मागचं उकरू नये. गोष्ट तळतळाटाची आहे, भट्टीची नाही.

रोखठोक: साफ असहमत. इ.स. 70 मध्ये यहुद्यांचं जेरुसलेमचं मंदिर गेलं. त्यानंतर ज्याच्या त्याच्या चमत्कारावर धर्म ठरला असता तर समाज फुटला असता. याच गोष्टीत समुद्रावर वादळात सापडलेले गम्लिएल हेच सांगतात: माझ्या मानासाठी नाही, इस्राएलात भांडणं वाढू नयेत म्हणून एलिएझरांना वाळीत टाकलं. आणि समुद्र शांत होतो.

पायवाट: दोघंही ताणताय. अशा कथांना प्रमाण मानू नये, ही मोठे यहुदी धर्मपंडित हाय गाओन (मृत्यू 1038) यांचीच भूमिका. कथा म्हणून वाचा.

ओसरी: @पायवाट, प्रमाण नसेल, पण संपादकांनी ती याच जागी ठेवली, ते उगाच नाही. @रोखठोक, समुद्र शांत झाला तरी गम्लिएल शेवटी मरतातच. निर्णय योग्यच होता. जाळपोळ कशासाठी?

रोखठोक: कारण एलिएझर मत सोडत नव्हते. ताल्मूदचाच सान्हेद्रिन भाग, पान 68अ वाचा: "शुद्ध" हा शब्द उच्चारतच ते गेले. बहिष्कार नसता तर बहुमताचं कुणी ऐकलं असतं?

ओसरी: त्याच पानावर पुढे वाचा. त्यांनी प्राण सोडताच बहिष्कार उठल्याचं जाहीर करणारे यहोशुआच आहेत, ज्यांनी आकाशवाणी नाकारली तेच. एलिएझरांनी मत बदललं नव्हतं, तरीही उठवला. मग जिवंतपणीच उठवायला काय हरकत होती?