मदत हवी आहे: जप करत काढलेल्या चित्रांचं विसर्जन घरीच कसं करायचं?

रोज सकाळी बोरूनं अंबाबाई काढतोय, एका नामाला एक रेघ, तिच्या हातातलं म्हाळुंग गदा ढाल पानपात्र होईपर्यंत डोकं एकदम शांत, चित्र कसं आलंय ते बघत पण नाही. पण आता कागदांचा ढीग झालाय. रद्दीत द्यायला आई तयार नाही, जाळायचं नाही, आणि पंचगंगेत तर मीच सोडणार नाही, आधीच काय कमी घाण आहे. बादलीत रात्रभर भिजवून बघितलं, पण ३०० जीएसएमचा जाडजूड कागद आणि वॉटरप्रूफ शाई, दोन्ही ढिम्म. फ्लॅट आहे, अंगण नाही, लगदा कुंडीतच जाणार. पाटी, टॅब सुचवू नका प्लीज. तर पाण्यात लगेच विरघळणारा पण बोरूची शाई न फुटणारा कागद कोल्हापुरात कुठं मिळेल, आणि शाईऐवजी गेरू वापरला तर कुंडीतल्या तुळशीला चालेल का?