रि: ट्रेलवरच्या हायकर्सना जेवण – कूलर आणि ढोलाबद्दल

> नमस्कार मंडळी, जूनच्या शेवटच्या शनिवारी इथे न्यू जर्सीत रूट २०६ वर कल्व्हर्स गॅपला जाऊन ॲपलेशियन ट्रेल या लांब डोंगरी पायवाटेवरच्या हायकर्सना खाऊ घालायचं म्हणतोय. सासवडला पालखी आली की आमची आजी दारात पिठलं-भाकरी घेऊन उभी असायची, तेच इथे करू. ४० जण तरी येतील, ढोल पथकही तयार आहे. जे भेटणार नाहीत त्यांच्यासाठी दोन कूलर भरून आत शेल्टरपाशी, म्हणजे हायकर्सच्या मुक्कामाच्या शेडपाशी, ठेवून येऊ. कोण काय आणतंय ते कळवा.

काका, कल्पना मनापासून आवडली आणि मी नक्की येणार, पण ढोल आणि कूलर या दोन गोष्टी प्लीज नको, का ते जरा सविस्तरच लिहिते.

कूलरचं आधी. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी अगदी हेच केलं होतं, केळी, ग्रॅनोला बार, गेटोरेड, वर "घ्या, पोटभर खा" अशी चिठ्ठी. दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो तर झाकण उखडलेलं, प्लॅस्टिकवर नखांचे खोल ओरखडे आणि रॅपर्स झाडीतून पार ओढ्यापर्यंत पसरलेले. दोन तास वाकून वाकून वेचत होतो, तरी सगळे मिळाले असं मी छातीठोकपणे नाही सांगू शकत. न्यू जर्सीत काळ्या अस्वलांना खायला घालणं बेकायदा आहे, पण कायदा राहू दे बाजूला, अस्वलाला एकदा कळलं ना की इथे माणसांचं खाणं मिळतं, की ते परत परत येतं, धीट होतं, आणि शेवटी जीव त्याचाच जातो. शेल्टरपाशी खाणं बंद करून ठेवायला लोखंडी बेअर बॉक्स ठेवलेत ते याच्यासाठीच, आणि आम्ही बॉक्सच्या बाहेर फराळ मांडून आलो होतो. अजून वाईट वाटतं त्याचं.

ट्रेल सांभाळणारी ॲपलेशियन ट्रेल कॉन्झर्व्हन्सीसुद्धा हेच सांगते, की सामान सोडून जाऊ नका, स्वतः हजर राहा, पक्क्या जागी थांबा, माणसं कमी ठेवा, दारू नको, जाहिरात नको. म्हणजे मंडळाचा बॅनरही घरीच ठेवू या.

आता ढोल. वारकरी दिंडीत चालतो, टाळ-मृदंगात, लाखोंच्या संगतीत, आणि तीच त्याची वारी. ही माणसं जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधल्या कटाडिनपर्यंत चालतात, १४ राज्यं, २२०० मैलांच्या आसपास, पाच ते सात महिने, आणि त्यातली कितीतरी मुद्दाम एकटी निघालेली असतात. आपल्याकडे पोचेपर्यंत १३०० मैल झालेले असतात, ती शांतता त्यांनी पायांनी मिळवलेली असते हो.

मागच्या जूनला आम्ही पार्किंगमध्ये टेबल लावून बसलो होतो. एक पन्नाशीचे गृहस्थ झाडीतून बाहेर आले, आमच्याकडे पाहिलं, छातीवर हात ठेवून हसले आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या झाडीत गेलेही. मी हाक मारणार होते, ह्यांनी माझा हात धरला. बरं केलं. मग तासाभराने एक मुलगी आली, खाण्याकडे न बघता पहिलं विचारलं, "कचरा टाकू का इथे?" आणि झिपलॉकची पिशवी दिली, आत तीन-चार दिवसांची रॅपर्स, चपटी करून घडी घातलेली. मग बूट काढून कडेला बसली आणि तूप-साखर लावलेल्या पाच पोळ्या खाल्ल्या, एक शब्द न बोलता. आम्हीही काही विचारलं नाही. "एकटी कशी, भीती नाही वाटत?" हे त्यांना रोज कोणीतरी विचारतंच.

अजून एक, ट्रेलवर नोरोव्हायरस (उलट्या-जुलाबाचा विषाणू) पसरतो आणि तो सॅनिटायझरने नीट जात नाही, साबण-पाणीच लागतं. कोणी थेट डब्यात हात घालायचा नाही, चिमट्याने आपणच वाढू.

---

ताई, तुझं मेल दोनदा वाचलं. ढोल रद्द, पथकाच्या पोरांना मी समजावतो. कूलर गाडीतच राहतील. पण ४० जणांची नावं आलीत गं, आता कोणाला नाही म्हणू?

---

काका, नाही नका म्हणू. आळीपाळीने सहा-सहा जण जाऊ, वेगवेगळ्या शनिवारी, तसेही हायकर्स एका दिवशी थोडेच सगळे येतात, जुलैभर येत राहतात. टेबल लावायला परवानगी लागते का ते मी फॉरेस्टच्या ऑफिसात फोन करून विचारते. पत्रावळी, कागदी प्लेट काही नको, घरच्या स्टीलच्या ताटल्या आणा आणि धुवायला घरी न्या. फोन चार्ज करायला पॉवर बँक कोणाकडे असेल तर हवी आहे. कचऱ्याच्या मोठ्या पिशव्या, साबण आणि नळवाला पाण्याचा कॅन मी आणते, पोळ्या मात्र वहिनींना सांगा, ५० तरी लागतील.