मुंबई ते सिंगापूर : तिकिटावर आठ तास, लेक म्हणते साडेपाच

विश्रामबागच्या काकू, सांगली
नमस्कार. लेकीचं बाळंतपण सिंगापूरला आहे, पुढच्या महिन्यात आम्ही दोघं निघतोय. विमानात पहिल्यांदाच बसणार. तिकिटावर मुंबईहून रात्री 11:40 ला सुटून सकाळी 7:40 ला पोचतं असं आहे, म्हणजे आठ तास झाले. लेक म्हणते, "आई, साडेपाचच लागतात." परतीच्या तिकिटावर संध्याकाळी 6:30 ला सुटून रात्री 9:30 ला मुंबई. तीनच तास! यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन गेल्या दिवाळीत मिरजेत झालं. तासभर एका जागी बसले की पाय आखडतात. नक्की किती वेळ बसावं लागेल? आणि अंतर किती?

मिरजकर
काकू, लेकीचं बरोबर आहे. तिकिटावर प्रत्येक गावाची तिथली वेळ छापतात. सिंगापूरचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढं. तिथं सकाळचे 7:40 वाजतील तेव्हा विश्रामबागेत पहाटेचे 5:10 झालेले असतील. 11:40 पासून मोजा, साडेपाच तास. परतताना तिथले 6:30 म्हणजे आपले दुपारचे 4, तिथून रात्री 9:30 पर्यंत पुन्हा साडेपाचच.

हवाई अंतर साधारण 3,900 किलोमीटर. वर गेल्यावर विमान ताशी साडेआठशे-नऊशेनं जातं. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं धरून साडेपाच होतात.

एक गंमत सांगतो. नकाशावर सिंगापूर जिथं आहे त्या हिशोबानं त्यांचं घड्याळ दीडच तास पुढं हवं. पण आधीपासूनच ते दोन तास पुढं होते, आणि 1 जानेवारी 1982 ला मलेशियाबरोबर त्यांनीही काटे आणखी अर्धा तास पुढं सरकवले. म्हणून तिथं बाराही महिने सूर्य सातच्या आसपास उगवतो. तुम्ही उतराल तेव्हा कोवळं ऊन असेल.

पेठनाक्यावरची सून
काकू, गुडघ्यांना खरा त्रास विमानात नाही, सांगली-मुंबई रस्त्यात होईल. पावणेचारशे-चारशे किलोमीटर, सात-आठ तास, पुण्याजवळ ट्रॅफिक लागलं तर आणखी. सासऱ्यांना नेलं तेव्हा आम्ही थेट गाडीनं विमानतळ गाठला, आणि त्यांना गाडीतून उतरताना पाय टेकवेना. तुम्ही असं करू नका.

व्हीलचेअर विमान कंपनीला फोन करून आधीच सांगून ठेवा, निदान दोन दिवस आधी. काकांना कडेची सीट घ्या, म्हणजे कुणाला न उठवता दर तासाला चार पावलं टाकता येतील. गुडघ्यात धातू असल्यानं तपासणीत यंत्र वाजेल, घाबरू नका. ऑपरेशनचा कागद हातातल्या पिशवीत ठेवा. आणि सिंगापूरचं अरायव्हल कार्ड पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत त्यांच्या सरकारी साइटवर भरायचं असतं, फुकट. कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

विश्रामबागच्या काकू
पोरांनो, किती बरं वाटलं! यांना घड्याळ हातात घेऊन समजावलं, आता मान डोलावतायत. मिरजेहून आदल्या रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसनं जायचं ठरवलंय. खालचा बर्थ मिळाला तर पाय लांब करून झोपतील. दिवसभर दादरला भावाकडं थांबू आणि संध्याकाळी विमानतळावर जाऊ. आता डिंकाच्या लाडवांना लागते.